फोटोशॉप सोडून गिम्पवर गेल्यावर मराठी अक्षरे मोडतात : कारण कसे ओळखायचे आणि उपाय काय

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि अल्बमच्या दुकानांतून फोटोशॉपऐवजी गिम्प हे मोफत, मुक्त स्रोत फोटो-सॉफ्टवेअर वापरून पाहणारे बरेच जण आहेत. त्यातले पुष्कळ परत फिरतात आणि परत फिरण्याचे कारण जवळपास दरवेळी तेच असते. फोटो कापणे, उजळणे, मागचा पडदा बदलणे हे लवकर हाताला बसते. मग एखादे गिऱ्हाईक जुनी पत्रिका घेऊन येते, "हीच छापा, फक्त नावं बदला" म्हणते. फाइल उघडते आणि 'वऱ्हाडी मंडळी'च्या जागी इंग्रजी अक्षरे, टक्क्याची चिन्हे आणि कंस दिसतात. ऑपरेटर विचारतो, "हाई काय व्हयनं भो?" मालक म्हणतो, जाऊ दे, जुन्यावरच कर. गिम्प तिथेच संपते.

हा दोष फाइलीत पहिल्यापासूनच असतो. फोटोशॉप आणि तो जुना फॉन्ट एकाच संगणकावर आहेत तोवर तो झाकलेला राहतो, एवढेच. म्हणून खाली लिहिलेले बरेचसे उपाय ज्यांना फोटोशॉप सोडायचे नाही त्यांच्याही कामाचे आहेत. संगणक बदलला, विंडोज नव्याने टाकले की त्यांच्याही पत्रिका अशाच मोडतात.

आधी नोटपॅडची परीक्षा

मोडलेली अक्षरे सगळी एकसारखी दिसत असली तरी त्यांची कारणे वेगवेगळी असतात. कारण न ओळखता फॉन्टवर फॉन्ट टाकत बसलात तर दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो मजकूर निवडून कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे मराठी वाचता आले तर मजकूर युनिकोड आहे, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या, सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीतला. मग दुखणे लहान आहे, फॉन्ट किंवा सेटिंगचे. तिथे रोमन अक्षरांचा कचरा दिसला तर मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी, सीडॅकचे डीव्हीबी हे आपल्याकडे सर्रास चालणारे जुने फॉन्ट त्याच जातीचे. अशा फाइलीत मराठी अक्षर साठवलेलेच नसते. साठवलेला असतो रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक, आणि फॉन्ट त्याच्यावर मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट काढला की मुखवटा गळून पडतो. गिम्प असो, लिब्रेऑफिस असो की मोबाइल, फाइलीत जे आहे तेच ते दाखवतात.

तिसरी शक्यता अशी की मजकूर युनिकोड आहे, अक्षरेही मराठी आहेत, पण वेलांटी भलत्या जागी पडली आहे, रफार सुटला आहे आणि 'क्ष'चे दोन तुकडे झाले आहेत. हा अक्षरजुळणीचा दोष. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत तो नेहमी दिसतो, कारण देवनागरीची जुळणी करणारे इंजिन तिथे वेगळे निवडावे लागते. त्या आवृत्त्यांच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर आवृत्तीप्रमाणे 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' किंवा 'वर्ल्ड-रेडी लेआउट' असा पर्याय असतो. तो निवडायचा, फोटोशॉप बंद करून पुन्हा सुरू करायचे आणि परिच्छेदाच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी' कंपोजर लावायचा. ही सेटिंग आपल्याकडच्या किती तरी दुकानांना ठाऊकच नाही. युनिकोड टाकले की फोटोशॉपमध्ये अक्षरे फुटतात, म्हणून लोक जुन्या फॉन्टला धरून बसले आणि आज त्याच जुन्या फॉन्टमुळे दुसरीकडे जाता येत नाही.

गिम्प आणि इंकस्केप (कोरलसारखे रेखाकृतींचे मोफत सॉफ्टवेअर) दोन्ही मजकुरासाठी पँगो आणि हार्फबझ या मुक्त स्रोत ग्रंथालयांवर, म्हणजे आत जोडलेल्या तयार प्रोग्रॅमवर, चालतात. त्यांच्यात देवनागरीची जुळणी मुळातच आहे, कुठला पर्याय चालू करावा लागत नाही. मराठीसाठी ही बाजू फोटोशॉपपेक्षा सरळ आहे असे माझे ठाम मत आहे.

जुन्या फॉन्टमधला मजकूर कसा सोडवायचा

इथे खरी मेहनत आहे, तिला आडवाट नाही.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर बदलणारे रूपांतरक मिळतात. तुमच्या फॉन्टचे नेमके नाव निवडूनच रूपांतर करा. नावे सारखी असली तरी दोन फॉन्टची आतली मांडणी वेगळी असू शकते. रूपांतर झाले की मजकूर वाचा, आणि सगळीकडे सारखे लक्ष देण्याऐवजी ठराविक जागी जास्त द्या. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफार जुन्यात अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. रूपांतरकाला ही उलटापालट करावी लागते, म्हणून चुका तिथेच साठतात. 'स्थिती', 'निमंत्रित', 'कार्यक्रम', 'आशीर्वाद', 'मूर्ती' हे शब्द आधी तपासा. मग 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' पाहा. 'वऱ्हाडी', 'नवऱ्या मुलाचे', 'सातपुड्याच्या दऱ्या' यांतला हा आडवा र पुष्कळदा साधा रफार होऊन येतो. तो हाताने दुरुस्त करताना नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग पुढचे अक्षर असे टाइप करा.

नावे मात्र रूपांतरकावर सोडू नका. आडनावे, गावांची नावे, 'चि. सौ. कां.' नंतरचे वधूचे नाव हे सगळे मूळ छापील पत्रिका समोर ठेवून नव्याने टाइप केलेले बरे. पत्रिकेत 'शिरपूर'चे 'शीरपुर' झाले तर गिऱ्हाईक माफ करत नाही, आणि त्याने का करावे?

टायपिंगची तक्रार यानंतर लगेच येते. जुन्या ऑपरेटरची बोटे टाइपरायटरच्या कळपाटाला सरावलेली असतात. युनिकोड म्हणजे नवा कळपाट असा समज आहे, तो काढून टाका. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आहेच, २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिकही आले, आणि टाइपरायटरच्या मांडणीने युनिकोड लिहिणारी साधनेही मिळतात. बोटे तीच ठेवून अक्षरे बदलता येतात. गिम्पच्या कॅनव्हासवर थेट टाइप करताना कुणाला अडखळल्यासारखे वाटले तर नोटपॅडमध्ये टाइप करून आणून चिकटवा, काही बिघडत नाही. उलट मजकुराची एक प्रत आपोआप वेगळी राहते.

फॉन्ट बसवला, पण यादीत दिसत नाही

विंडोजवर फॉन्टच्या फाइलीवर उजवे बटण दाबून 'सर्व वापरकर्त्यांसाठी' बसवा. नुसते 'इन्स्टॉल' केले तर फॉन्ट त्या वापरकर्त्याच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जातो आणि गिम्पच्या काही जुन्या आवृत्त्यांना तो सापडत नाही. गिम्प चालू असताना फॉन्ट टाकला असेल तर फॉन्टच्या खिडकीतले पुन्हा शोधण्याचे बटण दाबा. फॉन्ट वेगळ्या ड्राइव्हवर साठवून ठेवले असतील तर प्रेफरन्सेसमध्ये फोल्डरच्या यादीत तो पत्ता जोडता येतो. पहिल्यांदा सुरू होताना गिम्प फॉन्टची यादी करण्यात वेळ घेते. ते अडकले असे समजून बंद करू नका. हजारो फॉन्ट भरून ठेवलेल्या संगणकावर हे हमखास होते. निम्मे तरी कधीच वापरात नसतात, ते काढा.

पीएफबी प्रकारचे जुने टाइप-१ फॉन्ट मात्र दिसणारच नाहीत. पँगोने २०१९ मधल्या १.४४ आवृत्तीपासून त्यांचा आधार काढून टाकला. तिथे शोधाशोध करून उपयोग नाही.

नवे फॉन्ट कुठले घ्यायचे? मुक्ता आणि बालू हे एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे, शिवाय नोटो सान्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी, आणि मथळ्यांसाठी मोदक, यात्रा वन. हे सगळे मुक्त परवान्याचे आहेत, धंद्यात वापरायला पैसे लागत नाहीत. श आणि ल हिंदी वळणाचे दिसतात अशी तक्रार आली तर गिम्पच्या मजकूर-साधनाच्या पर्यायांत सर्वात खाली भाषा निवडायची जागा आहे, तिथे मराठी करा. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरे भरलेली आहेत त्यात ती लगेच बदलतात. तिरो देवनागरी मराठीत ती मुळातच आहेत.

अक्षरे नीट दिसतात, पण बदलता येत नाहीत

पीएसडी म्हणजे फोटोशॉपची फाइल गिम्पमध्ये उघडते, लेयरही येतात, मात्र मजकुराचे लेयर चित्र होऊन येतात. गिम्पच्या ३.० आवृत्तीपर्यंत हे असेच आहे. स्मार्ट ऑब्जेक्टही चित्र होतात आणि लेयरला दिलेली सावली, चमक, किनार बहुतेक वेळा गळते. म्हणून फोटोशॉप अजून हाताशी आहे तोवर चालत्या साच्यांची तयारी करून घ्या. साच्यातला मजकूर कॉपी करून वेगळ्या फाइलीत ठेवा. मजकुराचे लेयर लपवून उरलेल्या लेयरच्या शैली रास्टराइज करा, म्हणजे चित्रातच पक्क्या करा, आणि तो पीएसडी जपा. पूर्ण साच्याची एक जेपीजी काढा. गिम्पमध्ये ती जेपीजी सर्वात वरच्या लेयरवर अर्धी पारदर्शक करून ठेवली की नवा मजकूर नेमका जुन्या जागी बसवता येतो.

कोरलड्रॉची फाइल इंकस्केपमध्ये उघडता येते, त्यासाठी लिबसीडीआर हे ग्रंथालय आतच आहे. आकार चांगले येतात, जुन्या फॉन्टमधला मजकूर येत नाही. शक्य असेल तर कोरलमध्येच एक प्रत कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, बदला, तिची पीडीएफ काढा आणि ती इंकस्केपमध्ये आणा. गणपती, कलश, तोरण, वेलबुट्टी हा सगळा खजिना असा सहीसलामत येतो.

सगळा जुना साठा एका दमात हलवायला बसू नका. जे साचे गिऱ्हाईक पुन्हा मागते तेवढेच हलवा, बाकीचे मागणी येईल तसे. आणि हे काम लग्नसराईत काढू नका. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला खान्देशात पत्रिका छापणाऱ्याला जेवायला फुरसत नसते. आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात लग्ने थांबतात. श्रावणात कानबाईचे, म्हणजे खान्देशातल्या देवीच्या उत्सवाचे, छोटे बॅनर येतात, नंतर गणपतीची गर्दी. या मधल्या काळात, कानबाईच्या बॅनरपासूनच नव्या साधनावर हात बसवावा. काम लहान असते, मजकूर थोडा असतो, चुकले तरी त्याच दिवशी दुरुस्त होते.

कुठले काम कुठल्या साधनावर

अर्धी डोकेदुखी गिम्पला सगळेच करायला लावल्यामुळे होते. गिम्प फोटोसाठी आहे. पत्रिकेतली वेलबुट्टी, लोगो, मोठी अक्षरे इंकस्केपमध्ये करावीत. ऑफसेटला जाणारी पत्रिका, पावती पुस्तक, माहितीपत्रक स्क्रायबस या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवावे. स्क्रायबसची जुनी १.४ आवृत्ती देवनागरी जुळवत नव्हती, त्या काळात वापरून कंटाळलेल्यांनी १.६ पाहावी. ती जानेवारी २०२४ मध्ये आली आणि तिच्यात मराठी नीट जुळते. लग्नाच्या रॉ (कॅमेऱ्यातून जसेच्या तसे आलेल्या) फोटोंसाठी डार्कटेबल आहे. तिथे मजकुराचा संबंध नसल्यामुळे फोटोग्राफर मंडळींचे स्थलांतर सर्वात सोपे जाते. फोटोपी ब्राउझरमध्ये फुकट चालते आणि पीएसडी डोकावून पाहायला सोयीचे आहे, पण ते मुक्त स्रोत नाही हे ध्यानात असू द्या.

बॅनरवरच्या मजकुराला पांढरी किनार लागतेच. गिम्प २.१० मध्ये त्यासाठी मजकुराचा पाथ (बाह्यरेषा) करून वेगळ्या लेयरवर रेघ ओढावी लागे आणि नाव बदलले की सगळे पुन्हा. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० मध्ये किनार मजकूर-साधनातच आहे, शिवाय सावलीसारखे फिल्टर लावूनही मजकूर बदलता येतो. बॅनरवाल्यांनी ३.० च घ्यावे, २.१० वर वेळ घालवू नये.

छापून आल्यावर रंग आणि अक्षरे बिघडणे

फ्लेक्सचे आणि ऑफसेटचे गणित वेगळे आहे. फ्लेक्सच्या यंत्राशी जोडलेले आरआयपी (छपाईसाठी फाइल तयार करणारे) सॉफ्टवेअर आरजीबी, म्हणजे पडद्याच्या रंगांतली, फाइल स्वतः शाईच्या रंगांत बदलते, म्हणून बऱ्याच ठिकाणी आरजीबी जेपीजी किंवा टिफ चालते. छापणाऱ्याला एकदा विचारा, विषय मिटतो. गिम्प ३.० मध्ये सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे) प्रोफाइल लावून पडद्यावर अंदाज घेता येतो आणि जेपीजी, टिफ, पीएसडी सीएमवायकेमध्ये बाहेर काढता येते. मात्र आत काम आरजीबीतच चालते. सीएमवायकेतच रंगकाम करायचे असेल तर क्रिता हे चित्रकलेचे मोफत सॉफ्टवेअर आहे.

ऑफसेटला खरा धोका काळ्या मजकुराचा आहे. आरजीबीतला काळा सीएमवायकेत बदलला की तो चारही शाईंत वाटला जातो. प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षरांच्या कडेने रंगीत झालर दिसते, आणि 'ष्ट', 'द्ध', 'ज्ञ' सारखी गजबजलेली जोडाक्षरे भरून जातात. मराठीत हे इंग्रजीपेक्षा जास्त डोळ्यांत येते. म्हणून ऑफसेटचा मजकूर गिम्पमध्ये लिहूच नका. गिम्पमधून फक्त फोटो आणा, मजकूर स्क्रायबसमध्ये लिहा, रंग फक्त काळी शाई शंभर टक्के असा द्या आणि पीडीएफ काढा. इंकस्केपची पीडीएफही आरजीबीत निघते, तेव्हा हाच नियम तिलाही लागू.

प्रेसवाला कोरलची फाइलच मागत असेल तर मजकूर पाथमध्ये बदललेली पीडीएफ द्या, कोरल ती उघडते. इंकस्केपमध्ये पीडीएफ काढताना मजकूर पाथमध्ये बदलण्याचा पर्याय मिळतो. इंकस्केपची मूळ एसव्हीजी फाइल वेगळी ठेवा, कारण पाथ झालेला मजकूर पुन्हा टाइप करून बदलता येत नाही.

मोठा बॅनर उघडला की संगणक बसतो

नव्या फाइलीत फुटांत माप आणि ३०० डीपीआय (इंचामागे ३०० ठिपके) असे टाकले जाते, तिथे हे होते. १० बाय ८ फुटांचा बॅनर ३०० डीपीआयला ३६,००० बाय २८,८०० पिक्सेल होतो, म्हणजे शंभर कोटींहून जास्त पिक्सेल. एका लेयरलाच सुमारे ४ जीबी लागतात. तोच बॅनर ७२ डीपीआयला ८,६४० बाय ६,९१२ होतो आणि लेयर २४० एमबीच्या आत बसतो. चौकातला फ्लेक्स लोक लांबून पाहतात, तिथे ७२ ते १०० पुरे. उरलेल्या रॅमप्रमाणे प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिम रिसोर्सेसच्या पानावर टाइल कॅश (गिम्पला वापरायला मिळणारी रॅम) वाढवा आणि स्वॅपचा (रॅम न पुरल्यावर डिस्कवर वापरायचा) फोल्डर जागा असलेल्या ड्राइव्हवर न्या.

फोटोशॉपच्या सवयीने कंट्रोल एस दाबले की गिम्प स्वतःची एक्ससीएफ फाइल ठेवते, जी फ्लेक्सवाल्याकडे उघडत नाही. छापायची फाइल 'एक्स्पोर्ट ॲज'मधून काढायची, कंट्रोल शिफ्ट ई. खोडरबर फिरवल्यावर पांढरे उमटत असेल तर लेयरला अल्फा चॅनेल (पारदर्शकतेचा थर) जोडा. ब्रश एका रेषेपुढे उमटत नसेल तर लेयर चित्रापेक्षा लहान आहे, 'लेयर टू इमेज साइज' करा.

आणि वीज. उन्हाळ्यात आपल्याकडे बत्ती कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि गिम्प ठराविक वेळाने आपोआप जतन करत नाही. गिम्प स्वतः बंद पडले तर ते फाइल परत मिळवून देण्याचा प्रयत्न करते, वीज गेली तर नाही. क्रिता आणि इंकस्केपमध्ये आपोआप जतन करण्याची सोय आहे. गिम्पवर काम करणाऱ्याच्या संगणकाला यूपीएस हवाच. प्रत्येक नाव टाइप झाले की कंट्रोल एस.

तरीही अडलात तर

ज्याला विचारायचे त्याच्याकडे नुसता फोटो पाठवून "अक्षरं मोडतात" लिहू नका. गिम्पची आवृत्ती, विंडोज की लिनक्स, फॉन्टच्या फाइलीचे पूर्ण नाव, मूळ फाइल कुठल्या सॉफ्टवेअरची, आणि तोच मजकूर नोटपॅडमध्ये कसा दिसतो याचे एक चित्र एवढे द्या. सोबत ही ओळ त्याच फॉन्टमध्ये टाइप करून तिचेही चित्र जोडा : 'श्री ज्ञानेश्वरांच्या कृपेने वऱ्हाडी मंडळींचा हृद्य सत्कार, स्थिती उत्तम, कार्यक्रम शुद्ध एकादशीला, लक्ष असावे.' वेलांटी, रफार, ऱ्ह, हृ, द्य, क्ष, ज्ञ, श आणि ल एकाच ओळीत आले आहेत. कुठले अक्षर मोडते त्यावरून फॉन्ट, जुळणी की रूपांतर यांपैकी कशात दोष आहे ते समोरच्याला लगेच कळते.